घेर, लांबी आणि शब्बीरची ताडपत्री

शब्बीर, तुझी ताडपत्री अजून वाळलेली नाही.

तुला माती देऊन आठवडा व्हायचाय आणि परतीचा पाऊस काही परत जायचं नाव घेत नाही. ताडपत्री तुमच्या अंगणाच्या भिंतीवर टाकली आहे. भिंत संपली तरी ती संपली नाही, म्हणून उरलेली गोठ्यावर आणि त्यातूनही उरलेली तुझ्या हडंब्यावर, त्या मळणीयंत्रावर. लोक भेटायला येतात, तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे म्हणून चेहरा पाडतात आणि ताडपत्रीच्या टोकाला अडखळून आधी तिलाच शिव्या घालतात. तुला हे फार आवडलं असतं.

तिसऱ्या दिवशी, जियारतीला, मला बोलायला सांगितलं. मास्तर बोलणार म्हणून सगळे मांडी मोडून सावरून बसले. पंधरा ऑगस्टला ज्याच्या हातून माईक ओढून घ्यावा लागतो, त्या माणसाला त्या दिवशी एक वाक्य सुचलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. लिहिताना तू मध्ये बोलू शकत नाहीस, एवढी एक सोय आहे.

गावातल्या त्या भांडणाला काय म्हणायचं यावरही आपलं कधी एकमत झालं नाही. मी 'तो दुर्दैवी प्रसंग' म्हणायचो, तू 'दगडफेक' म्हणायचास. मिरवणूक मशिदीच्या कोपऱ्यावर अडली, भोंगे वाढले, आणि पहिला दगड कोणी मारला हे गावात प्रत्येकाला नक्की माहीत आहे; फक्त प्रत्येकाकडे नाव वेगळं आहे. किसनरावांचं कुटार, गुरांचा वर्षाचा भुसा, जळलं, त्यांच्या पोराचं डोकं फुटलं. तुझ्या धाकट्या भावाचं, हनीफचं, पंक्चरचं दुकान जळलं. किसनराव आणि हनीफ यांची वावरं एका धुऱ्यावर, बांधाला बांध लागून. एकाच्या बैलाने दुसऱ्याची वैरण खाल्ली तरी कधी शब्द वाढला नव्हता, आणि त्या आठवड्यात दोघांनी पोलिसांत एकमेकांची नावं दिली. पुढे अर्ध्या गावाने सोयाबीन काढायला शिरपूरकडून हडंबे आणले. तुझा हडंबा, ज्याच्या धुरळ्याने सगळं गाव सारखंच खोकायचं, अर्धा हंगाम झाडाखाली उभा राहिला.

त्याच दिवसांत माझा मुलगा वाशिमहून म्हणाला, बाबा, आता तिथे राहू नका. मी पेटी भरली. तू आलास, पेटीवरच बसलास आणि चहा मागितलास. चहा झाल्यावर पाणी मागितलंस. मग सुपारी. बस फाट्यावरून निघून गेल्याचा आवाज आला तेव्हा उठलास आणि म्हणालास, "साखर कमी होती, मास्तर." मला थांबवायला आलो होतो, असं तू कधी म्हणाला नाहीस. मीही तुला धन्यवाद दिले नाहीत, कारण साखर खरंच कमी नव्हती. आज देतो. साखरेचं मात्र मागे घेत नाही.

मग ती संस्था आली. मोठ्या शहरातली, आणि तिच्या मॅडम. गावात सलोखा व्हावा म्हणून त्या पैसे देणार होत्या. शांततेसाठी पैसा येतो हे गावाला पटेना. रस्त्याला येतो, विहिरीला येतो, पण भांडण मिटवायला कोण पैसे देतं? शेजारच्या गावातला एक जण मला बाजूला घेऊन खरंच विचारून गेला, की आमच्याकडे पण पाहिजे असेल तर साधारण किती मोठं भांडण लागतं.

समिती झाली. मी सचिव. तू नुसता सदस्य, पण बोलायचास अध्यक्षासारखा. पहिला कार्यक्रम माझा, सलोखा चषक, क्रिकेटचा. दोन्ही बाजूंची पोरं मिसळून दोन संघ केले आणि पंच म्हणून मी उभा राहिलो. शेवटच्या षटकात मी एकाला पायचीत दिलं. शब्बीर, दगडफेकीनंतर गावातली सगळी पोरं त्या दिवशी पहिल्यांदा एकदिलाने धावली, माझ्या मागे. तू मला हडंब्यामागे दडवलंस आणि त्यांना सांगितलंस, "मास्तर? थो त किन्हीराजाच्या येष्टीत बसून गेला बी." पोरं पांगल्यावर माझ्या सदऱ्यावरचं कुटार झटकत म्हणालास, "एकी त झाली, मास्तर. आता तुले रोज थोडं थोडं मारू देत जा."

आपला खरा वाद त्यानंतर सुरू झाला. माझं म्हणणं होतं, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवावं आणि चुकलं म्हणून तोंडाने म्हणायला लावावं. माफीशिवाय सलोखा म्हणजे वरवरचा लेप. तुझं म्हणणं, की आधी ताडपत्री.

"माफी मांगाले मानसानं आंदी तोंड उघडलं पायजे," तू म्हणायचास. "अन् तोंड उघडाले काई काम पायजे. काम नसलं त मानूस माफी बी मांगत नाई अन् शिवी बी देत नाई. नुसता तोंड फिरवून जाते."

"आणि ताडपत्री मागितली की मनातला राग जातो?"

"राग राहू दे ना बावा. राग असला तरी सोयाबीन भिजतेच."

तुझा बेत असा होता: धुऱ्याला धुरा असलेल्या दोन घरांत मिळून एक ताडपत्री. एक घर इकडचं, एक तिकडचं. दोघांनी कापलेल्या सोयाबीनच्या गंज्या धुऱ्याजवळ लावायच्या आणि पाऊस आला की मिळून झाकायच्या. मी तेव्हा हसलो होतो, पण बेत वाईट नव्हता. अडचण संस्थेच्या नियमांची होती. भाषणाला पैसे होते, बॅनरला होते, चहाला होते, वस्तूंना नव्हते. मंडपाला मात्र होते. मग मी लिहिलं, 'कार्यक्रमासाठी मंडप'. यात खोटं काही नव्हतं. खाली माणसांऐवजी सोयाबीन बसणार होतं, इतकंच.

आणि मग तू माप घ्यायला गेलास.

मी सोबत यायला पाहिजे होतं, पण तू म्हणालास, यात कायले मास्तर पायजे. गंजीभोवती एक फेरी मारलीस, पावलं मोजलीस आणि मंगरूळपीरच्या दुकानात जाऊन तो आकडा सांगितलास. एवढी लांब, आणि एवढीच रुंद. शब्बीर, त्याला घेर म्हणतात. घेर वेगळा, लांबी वेगळी. चौथीत आपण एकाच तरटावर बसून शिकलो होतो, आणि तेव्हाही तू माझ्याच पाटीवरून उतरवलं होतंस. दुकानदाराने विचारलंही असेल की एवढी कशाला, पण तुझ्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा विचारायची कोणाची हिंमत होते?

ट्रॉलीत घालून आली ती एकच ताडपत्री आणि सगळे पैसे संपले. शाळेच्या मैदानावर उलगडली. मैदान झाकून ती ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढायला लागली. गाव बघत होतं. तू जरा वेळ गप्प उभा राहिलास. तुझ्या आयुष्यातलं तेवढं एकच मौन माझ्या पाहण्यात आहे. मग छाती पुढे काढून म्हणालास, "मुद्दाम मोठी घेतली. एकट्या मानसाले उचलताच नाई आली पायजे. चौघं लागले पायजेत. दोन इकडले, दोन तिकडले."

लोकांनी माना डोलावल्या. काही जण वा म्हणाले. मी तुझ्या कानात म्हटलं, "घेर सांगितलास ना?" तू म्हणालास, "तुले बाकी काई दिसत नाई का?"

तेव्हापासून तू जाईपर्यंत मी तुला हे विचारत आलो, प्रत्येक चहाला, आणि तू एकदाही कबूल झाला नाहीस. उलट वर्षभरात तुझी गोष्ट वाढत गेली. आधी मुद्दाम मोठी घेतली होती, मग रात्रभर विचार करून घेतली होती, शेवटी शेवटी तर दुकानदार नको म्हणत असताना हट्टाने घेतली होती.

नियम आपोआप झाले. ती ठेवायला कोणाच्या घरात जागा नव्हती, म्हणून ज्याने शेवटी वापरली त्याच्याकडेच ती राहायची. आणि ज्याला पाहिजे त्याने स्वतः त्याच्या दारात जाऊन मागायची. गडी पाठवायचा नाही, फोन करायचा नाही. हा दुसरा नियम तुझा. तो मोडणाऱ्याचं सोयाबीन हडंब्यात घेणार नाही अशी तू धमकी दिली होतीस, आणि तोवर शिरपूरवाल्यांनी भाव वाढवल्यामुळे लोक पुन्हा तुझ्याकडे वळले होते, म्हणून धमकी चालली. पाऊस सलोख्याची वाट बघत नाही. लोक कुरकुरत एकमेकांच्या दारात जायला लागले. आधी रस्त्यावरूनच हाक मारायचे, मग फाटकापर्यंत, मग ओट्यावर बसायचे, कारण घडी घालायला चौथा माणूस येईपर्यंत बसणं भाग होतं.

दोघांनी मात्र वाट काढली. किसनराव ताडपत्री त्यांच्या आळीतल्या कोणाकडे येईपर्यंत थांबायचे, मग मागायचे. हनीफ त्याच्या मोहल्ल्यात येईपर्यंत थांबायचा. एका धुऱ्यावरच्या त्यांच्या दोन गंज्या दोन टोकांना लागायच्या आणि मधलं वावर मोकळं असायचं. मी तुला डिवचायचो, "ते दोघं?" तू म्हणायचास, "थांब ना." मी म्हणायचो, "माफी लागेल." तू म्हणायचास, "पानी लागन." गावात बाकी काहीही झालं तरी हे दोघं बोलल्याशिवाय तुझं किंवा माझं खरं होणार नाही, असं आपलं ठरलं होतं.

मॅडम मंडप बघायला आल्या तो दिवस आठवतो? मंडप तेव्हा तुझ्या आणि तुझ्या धुऱ्याला लागून असलेल्या भागीरथाबाईंच्या गंजीवर होता आणि पाऊस लागला होता. मग ताडपत्रीची कड उचलून आपण सगळे आत शिरलो. मॅडम कंबरेत वाकून सोयाबीनवर बसल्या, चपलांना शेरभर काळी माती. तरी बाईंनी वही काढली आणि विचारलं, तुम्हाला एकमेकांबद्दल आता काय वाटतं?

भागीरथाबाई म्हणाल्या, "काय वाटन, बाई? ह्याचं वावर वरतं हाय. सारं पानी माह्याकडे येते. कवाचं म्हनून राह्यली चर खंद, त खंदत नाई."

"खंदतो ना," तू म्हणालास.

"कवा? मी मेल्यावर?"

मॅडम काळजीत पडल्या. "म्हणजे तुमच्यात अजून वाद आहे?"

"हाव, मॅडम," तू अभिमानाने म्हणालास. "आता रोज हाय. पयले त बोलतच नव्हतो."

मी कपाळाला हात लावला. गेला पैसा, म्हटलं. पण मॅडम हुशार होत्या. वही मिटली आणि एवढं हसल्या की त्यांच्या डोक्यावर साठलेलं पाणी ताडपत्रीवरून कलंडून माझ्या मानेत गेलं. जाताना म्हणाल्या, गुरुजी, मंडप चांगला आहे, फक्त जरा ठेंगणा आहे.

पुढच्या वर्षी पैसे आले नाहीत. मॅडम भांडल्या असतील आपल्यासाठी, पण संस्थेला दुसऱ्या जिल्ह्यात ताजं भांडण मिळालं होतं आणि आपलं जुनं झालं होतं. ताडपत्री फाटायला लागली तेव्हा गावानेच ठिगळं लावली. ठिगळाला फुकटचं कापड म्हणजे वाढदिवसांचे फ्लेक्स. त्यामुळे आतून ताडपत्रीला दोन्ही बाजूंचे सगळे भावी सरपंच चिकटले, गॉगल लावून, हात जोडून. तुझी चर मात्र तू शेवटपर्यंत खोदली नाहीस. भागीरथाबाई जियारतीला रडता रडता तेच म्हणत होत्या.

तू गेलास त्या दिवसाचं फार लिहीत नाही. हडंबा चालू ठेवून झाडाखाली चहाला बसलास आणि चहा तसाच राहिला. मला फार राग आला, शब्बीर. अजून आहे. माणूस सांगून जातो, निदान भांडून तरी जातो.

कबरस्तानात पाऊस थांबेना. काळी माती, खोदावं तेवढं पाणी. पोरं बादलीने उपसत होती आणि कड ढासळत होती. कोणीतरी म्हणालं, ताडपत्री आणा. पण जायला कोणी निघेना, कारण ताडपत्री किसनरावांच्या गंजीवर होती. नियम सगळ्यांना ठाऊक होता. ज्याला पाहिजे त्याने जायचं, आणि त्या वेळी ती हनीफला पाहिजे होती. हनीफ जनाज्याजवळ उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी तुझ्याकडे बघितलं. तुझा काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. किसनरावांनी मशिदीच्या भोंग्यावर तुझी बातमी ऐकली होती आणि वर आभाळ बघितलं होतं. कोणी मागायला गेलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या गंजीवरून ताडपत्री काढली, पोराला आणि दोन गड्यांना घेऊन ट्रॉलीत टाकली आणि घेऊन आले. वर्षाचं सोयाबीन उघडं टाकून. उतरले आणि एक टोक धरलं. समोरचं टोक हनीफच्या हातात आलं.

"तिकून ओढ," किसनराव म्हणाले.

"तुमी ढील द्या आंदी," हनीफ म्हणाला.

दगडफेकीपासूनचं त्यांचं पहिलं बोलणं ते. तू समोर होतास आणि तुला ऐकू गेलं नाही, याचं मला तुझ्या जाण्याएवढंच वाईट वाटलं. पाणी मधोमध साचलं आणि सवयीप्रमाणे माझ्या मानेत आलं. वरून सगळे भावी सरपंच हात जोडून तुझ्याकडे बघत होते. मी त्या ताडपत्रीखाली उभा राहून रडलो आणि हसलोही. लोकांना वाटलं मास्तरला थंडी वाजली.

पण आपण दोघे हुशार. मय्यतीला वैरीही येतो, हे मला माहीत होतं आणि तुलाही माहीत असतं. खरी गोष्ट पुढे होती. ताडपत्री आता तुझ्या आणि हनीफच्या सामाईक अंगणात होती, किसनरावांची गंजी भिजत होती आणि नियम नियम होता.

काल संध्याकाळी मी तुमच्याकडे बसलो होतो. फाटकाशी खोकला ऐकू आला. किसनराव छत्री धरून रस्त्यावर उभे.

"ताडपत्री वायली का?"

"नाई," हनीफ म्हणाला. "वल्लीच हाय."

किसनरावांनी भिंतीवरची कड चिमटीत धरून बघितली. मग हनीफ म्हणाला, "तुमची सोयाबीन भिजली. आमच्यापायी."

"सोयाबीनले काय व्हते," किसनराव म्हणाले. "मोड आले त उसळ करू." घसा साफ केला. "गंजी धुऱ्यावर आनतो म्हनत होतो. तुही बी तिथंच आन. येवढी मोठी हाय त एकाच्यानं कायले अडवून ठेवाव?"

हनीफने खाट पुढे ओढली. किसनराव आत आले आणि बसले. मला वाटलं, आता. आता माफीचा शब्द निघतो. मी नुसतं तोंड उघडलं, तर तुझ्या बायकोने, नजमाभाभींनी, माझ्या हातात कप दिला आणि अशा नजरेने बघितलं की मी तोंड चहाने बंद केलं.

ते दोघं बोलले, शब्बीर. तासभर बोलले. तुझ्याबद्दल. हडंब्यात तू दाणे मुद्दाम कुटारात उडवायचास, हे किसनरावांनी सांगितलं. "माह्ये बी उडवे," हनीफ म्हणाला, "सख्ख्या भावाचे." मग तू पत्त्यांत कसा लबाडी करायचास, डिझेल कोणाच्या ट्रॅक्टरमधून काढायचास, उधार नेलेली फावडी कोणाकोणाची अजून तुझ्या गोठ्यात आहेत. फावडी काढून बघितली, तर एक किसनरावांचं आणि एक माझं. माफीचं नावही निघालं नाही. जळलेल्या दुकानाचं नाही, फुटलेल्या डोक्याचं नाही. उद्या सकाळी दोन्ही गंज्या धुऱ्यावर यायच्या ठरल्या. वाद तू जिंकलास.

उठताना मी सवयीने ताडपत्रीकडे बघून भाभींना म्हटलं, "एवढी मोठी म्हणे मुद्दाम घेतली होती."

भाभी किती दिवसांनी हसल्या. "मुद्दाम? ज्या दिवशी आनली, घरी येऊन पोट धरून हसले. म्हनले, नजमा, घेर सांगून आलो. मास्तरनं वयखलं. पन त्याले कबूल होनार नाई मी, थो सोडनार नाई मले जिंदगीभर."

तर बरोबरी झाली, शब्बीर. माफीचा वाद तू जिंकलास, घेराचा मी. बरोबरी झाली की आपण लगेच तिसरा वाद काढायचो. मी आज सकाळपासून दोन कप मांडून बसलो आहे, आणि साखर जास्त घातली आहे.